अकोल्याच्या टँकमध्ये सोडलेले किडे

माझ्या साडूंच्या फिश टँकमध्ये किडे मी सोडले. ते चुकून सांडले नव्हते, कोणाच्या हाताला चिकटूनही गेले नव्हते. लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत ते जमवून, अमरावतीहून अकोल्यापर्यंत एसटीत मांडीवर बाळगून, महालक्ष्म्यांची आरती ऐन भरात असताना मी ते त्यांच्या पाण्यात ओतले. घरातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हते. सहा वर्षे मी ते ठाऊक होऊ दिले नाही. आणि त्या सहा वर्षांत ज्या बाईंनी माझ्या कृत्याचा दोष स्वतःच्या माथी वागवला, त्यांच्याच हातच्या पुरणपोळ्या मी दर भाद्रपदात जेवत राहिलो.

मी अमरावतीत वकिली करतो, तीही दिवाणी बाजूची. फौजदारीला जो आवाज लागतो तो माझ्याकडे नाही. साडू अकोल्याचे, त्यांचे तेथे बी-बियाण्यांचे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान आहे. त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. त्यांना मी ताई म्हणतो आणि साडूंना दादा. दादा वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. त्यांनी मला कधी वाईट वागवले असे म्हणता येणार नाही. ते माझी थट्टा करीत, एवढेच. पण थट्टा करण्यासाठी ते नेहमी चारचौघे जमण्याची वाट पाहत.

मासे पाळण्याचा नाद आम्हा दोघांनाही होता. त्यांच्या दिवाणखान्यातल्या टँकमध्ये एंजल माशांची एक मोठी जोडी होती. पंखासारखे पर पसरून ती दोघे शेजारी शेजारी तरंगत, आणि दादा दुपारच्या जेवणानंतर खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसत. माझा टँक लहान, त्यात पाच-सहा साधे गोल्डफिश. सहा वर्षांपूर्वीच्या चैत्रात आमच्या घरी सत्यनारायण होता. कोर्टातले काही सहकारी प्रसादाला आले होते. दादा आत आले, टँकपाशी थबकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

"बाप्पा! साडभाऊ, हे मासे हायेत का तुमचे पक्षकार? सारे तोंड उघडून पाहून राहिले, बोलत कोनीच नाई!"

खोली हसली. एका सहकाऱ्याने त्यात भर घातली, "वकील बोलेल तेव्हा ना पक्षकार बोलतील!" मग खोली दुसऱ्यांदा हसली. मीही हसलो. माझ्या हसण्याचाही आवाज होत नाही, त्यामुळे मी हसलो की नाही हे कोणाला कळले नसावे.

निघताना दादांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पाण्याखाली वाढणारे रुंद पानांचे एक रोप माझ्या हाती दिले. "घ्या. एकदम निरोगी माल हाय. माह्या जोडीनं याच्याच पानावर अंडे घातले होते. तुमच्या पक्षकारांले जरा सावली होईन." मी रोप लावले. ते मला आवडलेसुद्धा, आणि आवडले याचाच राग आला.

वैशाखात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी दुपारी हाताला चटका देते. टँकमधले पाणीही तापत असे आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत. कोर्टाला सुटी असल्याने मी दिवसभर घरीच होतो. घरात गार पाणी एकाच जागी असे, ते कूलरच्या टबात. रोज दुपारी त्यातले दोन मग मी अलगद टँकमध्ये ओतत असे. मासे शांत होऊन खाली जात आणि मलाही गार वाटे.

ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी काचेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला दिसला. मी काचेवर बाहेरून टिचकी मारली तेव्हा तो दोरा आखडला. चष्मा घालून पाहिले तर तसे दोरे वाळूतून, रोपाच्या मुळांतून, कोपऱ्यातून वळवळत वर येत होते. एक किडा बाटलीत घालून मी मासेविक्रेत्याकडे गेलो, तो म्हणाला, "जंत आहेत." दुसऱ्या दुकानात त्याच बाटलीकडे पाहून सांगितले, "अळ्या आहेत, डास होतील." माझे एक पक्षकार महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. त्यांनी बाटली उजेडात धरली, दोन परकी नावे पुटपुटली, मग "नमुना राहू द्या, सांगतो," म्हणाले आणि पुन्हा कधी काही सांगितले नाही. ज्याला नाव नाही अशा शत्रूवर रागावणे अवघड जाते. म्हणून मी त्या किड्यांना दादांचे नाव दिले. रोपापूर्वी किडे नव्हते, रोपानंतर आले. मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला. कोर्टात एवढ्यावर मी साधी नोटीससुद्धा पाठवली नसती.

तरीही मी आधी रीतसर विचारले. किड्यांचा फोटो काढून केवळ दादांना पाठवला आणि खाली लिहिले, "आपण दिलेल्या रोपाबरोबर हे आले असावेत काय? कृपया कळवावे." तासाभरात तोच फोटो साऱ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकला. त्याखाली दादांचा मजकूर होता: "अमरावतीच्या साडभाऊंनी जंत पाळले. बारशाले सर्वांनी यावे." हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक चेहरा माझ्या पत्नीने पाठवलेला होता.

त्या दिवसापासून मी मारायला सुरुवात केली. सुई काढलेल्या सिरिंजने एकेक किडा ओढून घ्यायचा आणि मिठाच्या पाण्याच्या वाटीत सोडायचा. मिठात पडल्यावर तो स्वतःभोवती गाठ मारल्यासारखा वळतो, ताठ होतो, मग सुटा होऊन तळाशी बसतो. हे सगळे मी वाटी डोळ्यांपाशी धरून शेवटपर्यंत पाहत असे. आयुष्यभर जी वाक्ये मला वेळेवर सुचली नाहीत ती तेव्हा सुचत. 'पक्षकार बोलत नाहीत काय?' असे मनात म्हणून मी एक किडा सोडायचो, 'बारशाला या,' म्हणून दुसरा. पत्नीने एकदा दारातून विचारले, "अहो, किती वेळ बघता त्या वाटीत?" मी म्हणालो, "खात्री करून घेतो." त्यानंतर ती वाटी तिने पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.

एवढे मारूनही सकाळी ते पुन्हा हजर असत. श्रावणात कधीतरी मला वाटले की त्यांना मारण्यात आपण व्यर्थ शीण करीत आहोत. ते ज्याचे आहेत त्याला परत केले पाहिजेत. मिठाची वाटी मी धुऊन ठेवली आणि लोणच्याची बाटली काढली.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरींचा अडीच दिवसांचा उत्सव. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण यांचा महानैवेद्य असतो आणि सगळे नातेवाईक जेवायला जमतात. ताईंच्या घरच्या महालक्ष्म्यांना आम्ही दरवर्षी जातो. त्या वर्षी पत्नी आदल्या दिवशीच मदतीला गेली होती, म्हणून मी एकटाच सकाळच्या एसटीने निघालो. पिशवीत ताईंसाठी खणाचे कापड होते आणि कापडाच्या घडीत बाटली. किडे गुदमरू नयेत म्हणून बडनेऱ्याला एकदा आणि मूर्तिजापूरला एकदा मी झाकण सैल करून पुन्हा लावले. ज्यांना मी मीठ घालून मारले त्यांच्या जिवाला इतका जपत होतो! शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "तीर्थ आहे का?" मी मान डोलावली.

दादांनी दारातच हाक दिली, "या, या! बोलनारे वकील आले! जंत कसे हायेत? मोठे झाले असतीन आता!" पाहुणे हसले. मी म्हणालो, "बरे आहेत." माझ्या आयुष्यातले सर्वांत समाधानाचे उत्तर ते असेल.

आरती सुरू झाली तशी सगळी माणसे आतल्या खोलीत दाटली. ताई ताट ओवाळीत होत्या, दादा झांज वाजवीत होते. चपला नीट लावून येतो, असे पुटपुटून मी बाहेर दिवाणखान्यात आलो. टँकचे झाकण उचलले. माणूस जवळ आले म्हणून ती एंजलची जोडी काहीतरी खायला मिळेल या आशेने वर आली. मी बाटली उपडी केली. पांढरे दोरे पसरत खाली गेले आणि त्यांतला एक तर एका माशाने गिळलासुद्धा. झाकण लावले, बाटली पिशवीत टाकली, आत गेलो आणि टाळ्या वाजवू लागलो. त्या दिवशी आरतीत माझा आवाज चांगला लागला होता. जेवताना मी दोन पुरणपोळ्या अधिक घेतल्या. ताईंना आनंद झाला. "भाऊजी आज पहिल्यांदा पोटभर जेवले," असे त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले.

पितृपक्ष संपताना दादांचा फोन आला.

"साडभाऊ, तुमचे ते जंत... माह्या टँकमधी बी दिसून राहिले. तुमी काय केलं होतं?"

"असं होय?" मी म्हणालो. "मग बारसं कधी?"

ते हसले नाहीत. मी आतून उजळून निघालो होतो. ते म्हणाले, "मजाक नका करू न. जोडीनं आता पुन्हा अंडे घातले हायेत. काय टाकू सांगा, मीठ टाकू का?"

माझा खरा अपराध येथे घडला असे मी मानतो. तोवर मला थोडे ज्ञान आले होते. माशांचे खाणे कमी केले, तळाचा गाळ उपसला, की हे किडे आपोआप घटतात. मासे त्यांना खातात आणि त्यांच्यापासून माशांना काही अपाय होत नाही, हे मी वाचले होते आणि माझ्या टँकमध्ये अनुभवलेही होते. एका वाक्यात ते सांगता आले असते. मी म्हणालो, "दादा, तुमच्या दुकानात तर प्रत्येक किडीवर औषध आहे. तुम्हाला मी काय सांगणार?"

त्यांनी जनावरांना पाजायचे जंतांचे औषध आणले आणि गाईच्या मानाने अंदाज करून ते टँकमध्ये घातले. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. "दोघं बी गेले, साडभाऊ." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की क्षणभर मला माझाच आवाज ऐकतो आहे असे वाटले. मला ज्याची हाव होती ते मला मिळाले होते, आणि खोटे कशाला सांगू, एक घटकाभर ते गोडही लागले.

पण दादा पुढे बोलू लागले. "हे सारं हिनं केलं. माशांचं पानी भराची निळी बादली मी वेगळी ठेवतो, तिले हात लावू नको म्हनून हजारदा सांगतलं. हिनं महालक्ष्म्यांच्या कमळांचे देठ त्याच बादलीत भिजू घातले! तलावातले कमळं ते. तेच किडे आले बादलीतून."

अकोल्यात नळ रोज येत नाही. सणाच्या घरात त्या दिवशी प्रत्येक पातेले, प्रत्येक घागर साठवणीच्या पाण्याने भरलेली होती. रिकामी अशी एकच बादली उरली होती. फोनमधून मागे ताईंचा आवाज ऐकू आला, "मले काय मालूम होतं जी? भांडंच नव्हतं घरात रिकामं..."

"तुमीच सांगा साडभाऊ," दादा म्हणाले, "हेच झालं असन न?"

मी म्हणालो, "असू शकतं."

माझ्या नीतीप्रमाणे मी खोटी साक्ष कधी दिली नाही, कोणाला द्यायला लावलीही नाही. ते दोन शब्द वगळले तर ही प्रौढी खरी आहे.

दिवाळीत मासे विक्रेत्याला देऊन मी टँक रिकामा केला. रोप फेकले, वाळू उकळली, काच उन्हात कोरडी होऊ दिली. होळीनंतर नवे पाणी भरून दोन नवे मासे आणले. रोप लावले नाही, अकोल्याची काडीसुद्धा त्यात नव्हती. आणि वैशाखात पांढरा दोरा पुन्हा काचेवर चढला. मी त्याच्याकडे पाहत उभा असतानाच कूलरचा पंप अडकल्याचा आवाज आला. पंप काढायला टबात हात घातला, तळाचा गाळ बोटांना लागला. मूठ वर काढली. गाळात, कूलरला लावलेल्या गवताच्या ताट्यांतून गळलेल्या काड्यांना गुंडाळून, तेच पांढरे दोरे वळवळत होते. आदल्या वर्षी आणि त्याही वर्षी, रोज दुपारी दोन मग, अलगद, माशांना गार वाटावे म्हणून मीच ते त्यांना घालत आलो होतो. दादांचे रोप त्यांनी सांगितले होते तसे निरोगी होते. किडे माझ्या घरचे होते. त्यांच्यासाठी मी तीन महिने एका माणसाला मिठात बुडवीत आलो होतो, आणि मग तेच त्याच्या दारी नेऊन ओतले होते.

त्याच वेळी अकोल्याला जायला हवे होते. मी गेलो नाही. सूड घेण्याची सवय लागलेल्या मनाने नवा आरोपी तेवढा शोधला, तो मी. टँक मी एका शाळेला देऊन टाकला, डोळ्यांना त्रास होतो असे सर्वांना सांगितले आणि हीच शिक्षा पुरेशी आहे अशी स्वतःची समजूत घातली. ती शिक्षा ताईंच्या काही उपयोगाची नव्हती.

दरवर्षी महालक्ष्म्यांना मी जात राहिलो. ताईंनी कमळे वाहणे सोडले होते. पूर्वी दोन्ही मुखवट्यांपुढे त्या एकेक कमळ ठेवीत. आता शेवंती असे. एका नातेवाईक बाईंनी विचारले तर ताई म्हणाल्या, "नको बाप्पा. आमच्याकडं सोसत नाईत ते. मुके जीव गेले घरातले." देवीच्या सणातल्या आपल्या चुकीने हत्या घडली असे त्यांनी मनाशी धरले होते. दादांनी पुन्हा मासे आणले नाहीत. त्या कोरड्या टँकमध्ये बियाण्यांची माहितीपत्रके पडलेली असत, आणि पंगतीत त्यांची थट्टा आता माझ्याऐवजी ताईंकडे वळली होती. "हिच्या हातचं पानी जपून घ्या बरं, मासे वाचले नाईत." सगळे हसत. मी ताटाकडे पाहत असे. वास्तविक दादांचे ते बोलणे थट्टा उरले नव्हते. तेही सूडच घेत होते, आणि चुकीच्या माणसावर. त्यात आम्हा दोघा साडूंचे चांगले साम्य होते.

या वर्षी त्यांच्या घरी नवी सून आली. पहिल्याच महालक्ष्म्या म्हणून तिला सगळे कौतुकाने शिकवीत होते. पंगत बसली, ताई आंबील वाढत माझ्यापर्यंत आल्या, सून त्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन होती. दादा पाटावरून म्हणाले,

"सूनबाई, सासूपासून सारं शिकून घे. फक्त बादली तिच्या हाती देऊ नको. मासे मारन्यात हातखंडा हाय तिचा!"

पंगत सवयीने हसली. सुनेला काहीच ठाऊक नव्हते, तरी सगळे हसतात म्हणून तीही हसली आणि तिने सासूकडे पाहिले. ताईंची पळी वाटीवर थांबली. त्यांनी नव्या सुनेकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "हो बाई. मीच मारले."

आजवर लोक तसे म्हणत आले होते आणि त्या ऐकून घेत आल्या होत्या. स्वतःच्या तोंडाने, घरात नव्याने आलेल्या मुलीपुढे, कबुली देताना मी त्यांना त्या दिवशी प्रथम ऐकले. मी पानावरून उठलो. भरल्या पानावरून उठणे अशुभ, म्हणून पत्नीने बायकांच्या रांगेतून खूण केली. दादा म्हणाले, "काय पायजे साडभाऊ? बसा न, वाढून राहिली ना ते."

मी ताईंकडे वळलो. माझे हात उष्टे होते, तसेच जोडले.

"ताई, तुम्ही नाही मारले. ते किडे मी आणले होते. बाटलीत भरून अमरावतीहून आणले आणि तुम्ही आरती ओवाळत होता तेव्हा ओतले. दादा, तुम्ही चारचौघांत हसलात याचा मला सूड घ्यायचा होता. तुमच्या रोपाचा काही दोष नव्हता, किडे माझ्याच कूलरमधले होते. औषधाची गरज नाही हे मला ठाऊक होतं, तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी ते सांगितलं नाही. तुमची जोडी माझ्यामुळे गेली. आणि ताई, सहा वर्षं तुम्हाला बोलणी खाताना ऐकून मी गप्प जेवत बसलो. कमळांनी काही केलं नाही, बादलीनं काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही. मी अपराधी आहे. मला क्षमा करा, ताई."